माशांचं लंघन

मासा आजारी पडला की आधी त्याची विष्ठा बघावी. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही कोकणातल्या एका खेड्यातल्या शाळेत. पण सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं मीच केलं. पोटातलं दुखणं बाहेर कसं दिसतं ते मला डॉक्टरच्या आधी कळायचं. रंग, जाडी, तुटतंय की लोंबतंय. माशाच्या बाबतीत वास घेता येत नाही, एवढाच फरक.

आमच्या नोएडाच्या घरात सहा गोल्डफिश होते. ते माझे नव्हते, यांचे होते. यांची सगळी नोकरी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात झाली. निवृत्त झाल्यावर सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही नोएडात एका सोसायटीत नवव्या मजल्यावर राहायला आलो. पहिलं वर्षभर हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, बूट घालून हॉलमध्ये बसून राहायचा. जायचं कुठेच नसायचं. आमचा एकुलता मुलगा गुरुग्रामला असतो. त्याने एका रविवारी हे बघितलं आणि पुढच्या रविवारी काचेची टाकी, पंप, दिवा आणि मासे घेऊन आला. तेव्हापासून यांना काम मिळालं. पाणी बदलायचं, फिल्टर धुवायचा, सकाळी आठला चिमूटभर दाणे, संध्याकाळी सहाला चिमूटभर. एखादा मासा मेला की बाजारात जाऊन त्याच रंगाचा दुसरा आणायचे. आठ-नऊ वर्षं त्या माणसाचा दिवस त्या टाकीवर चालला. टाकी रिकामी झाली असती तर हे परत तसेच हॉलमध्ये बसले असते, आणि ते मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं. माशांवर माझा जीव होता असं कुणी समजू नये. मी मासे खाणारी बाई आहे.

होळीनंतरची गोष्ट. टोपी घातल्यासारखा दिसणारा एक पांढरा मासा होता, तो शेपूट वर आणि डोकं खाली करून कोपऱ्यात लोंबायला लागला. पोट फुगलेलं. मागून दोन बोटं लांब पांढरा धागा लटकत होता, तुटतच नव्हता. बरा मासा घाण करतो ती तपकिरी असते आणि लगेच तुटून खाली पडते. मी यांना म्हटलं, "अहो, ह्याचं पोट बिघडलंय."

"पाणी बदलू का?"

"पाण्याने काय होणार? पोट आतून बिघडतं."

मी सेक्टरच्या बाजारात माशांच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा होता, कानावर पेन्सिल. मी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "माताजी, ऊपर से देखा? पेट दोनों तरफ बराबर फूला है या एक तरफ?"

"बराबर."

"छिलके खड़े हैं? अनानास जैसे?"

"नहीं."

"फिर बच जाएगा. कब्ज है. तीन दिन खाना बंद. चौथे दिन उबली हुई मटर, छिलका उतारके, एक दाना."

"तीन दिन में मर जाएगा ना?"

"अरे माताजी, मछली भूख से नहीं मरती, खाने से मरती है. इसके पेट में थैली ही नहीं होती. सीधी आँत है. जो डालोगे, उसी में फँसेगा."

म्हणजे लंघन. आमच्या माहेरी ताप असो, जुलाब असो, पहिलं औषध तेच. मला तो दुकानदार एकदम शहाणा वाटला. घरी येऊन मी दाण्यांचा डबा माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"तीन दिवस कुणाला काही नाही," मी यांना सांगितलं.

"सगळ्यांना शिक्षा? एकाच्या पोटासाठी?"

"टाकी एक, तर लंघनही एक."

"माझ्या आईलाही तू असंच उपाशी ठेवायचीस."

"म्हणून सहा वर्षं जगल्या."

हे हसले. तेव्हा ते हसायचे.

तीन दिवस उपाशी मासा कसा दिसायला हवा हे मी दुकानदाराला विचारून घेतलं होतं. घाण झालीच तर बारीक, पोकळ, पाण्यासारखी, नुसती साल. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चष्मा लावून टाकीपुढे बसले. पांढऱ्या माशाच्या मागे धागा होता, पण जाड. भरलेला. पिठाची शेवई लोंबावी तसा. दुसऱ्या एका केशरी माशाचंही पोट फुगायला लागलं होतं. आत काही गेल्याशिवाय बाहेर असं काही येत नाही. कुणीतरी खायला घालत होतं.

मी यांना विचारलं, "तुम्ही काही घातलंत?"

"नाही."

मी विश्वास ठेवला. या माणसाने जन्मात खोटं सांगितलेलं नाही. कार्यालयात लोक यांच्यावर चिडायचे ते त्याचसाठी.

मग उरली कामवाली. ती दुपारी दीडला, माझ्या पडायच्या वेळेला यायची, भांडी आणि फरशी करून जायची. एकदा तिला मी टाकीत पोळीचा तुकडा टाकताना धरलं होतं. शिवाय दोन-तीन महिने पातेल्यातला भात कमी व्हायचा. मी भात दोघांना पुरून संध्याकाळच्या दहीभाताला उरेल एवढा घालायचे आणि संध्याकाळी पातेलं खरवडलेलं असायचं. मला वाटायचं, ही डब्यात भरून नेते. मी बोलले नव्हते. त्या दिवशी सगळं एकदम बोलले.

"मछली को क्या डालती है तू?"

"कुछ नहीं डालती, माँजी."

"और चावल कहाँ जाता है?"

ती फरशीचं फडकं हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "बाबूजी से पूछो."

ते मला उद्धट वाटलं. माझ्या घरात, माझ्या नवऱ्यावर ही बाई ढकलते. मी तिला त्याच पावली जायला सांगितलं. हे हॉलमध्ये पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

पांढरा मासा पाचव्या दिवशी मेला. मटारचा दाणा त्याने तोंडात घेऊन थुंकून टाकला होता. यांनी तो कुंडीत पुरला. मी मनात म्हटलं, असो, घालणारी गेली, आता बाकीचे सुधारतील. सुधारले नाहीत. केशरी माशाचं पोट आठ दिवसांत इतकं फुगलं की त्याला वळता येईना. तो कुशीवर पडून तरंगायचा आणि एकच डोळा पाण्याबाहेर. कामवाली जाऊन आठ दिवस झाले होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण आपण एकाला चोर ठरवलं की ते परत मोडायला जड जातं.

केशरी मासा मेला तेव्हा हे दुपारचे झोपले होते. मी त्याला पुरायला दिलं नाही. वर्तमानपत्र पसरलं, विळी घेतली आणि तो फाडला. मी लहानपणापासून मासे साफ करत आले आहे. आतडं नळीसारखं ताठ झालं होतं. नखाने उघडलं तर आत भात. फुगून एकमेकांना चिकटलेली शितं, आंबलेली. मोजायला लागले आणि सोडून दिलं, फार होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी दुकानदारालाही सांगितली नव्हती. लपवली नव्हती, डोक्यातच आली नव्हती. यांना चित्राहुती घातल्याशिवाय जेवायची सवय नाही. ताट पुढे आलं की तळहातात पाणी घेऊन ताटाभोवती फिरवायचं, उजव्या बाजूला भाताची पाच शितं मांडायची, मग पहिला घास. मासे खाणारे असलो तरी आमच्याकडे हे मोडलेलं नाही. क्वार्टरमध्ये होतो तेव्हा ही शितं खिडकीबाहेर कट्ट्यावर ठेवायचे, चिमण्या खायच्या. नोएडाला बाल्कनीला कबुतरांची जाळी, आणि पक्ष्यांना खायला घालू नये म्हणून सोसायटीची नोटीस. मग हे ती पाच शितं टाकीत सोडायला लागले. जेवणाचं टेबल टाकीच्या समोरच आहे. इतकी वर्षं रोज घालत होते, काही झालं नाही. सहा माशांत पाच शितं म्हणजे काय! मी लंघन लावलं, डब्याला कुलूप घातलं, आणि ती शितं रोज जात होती ती मला दिसतच नव्हती, कारण ते देवाचं होतं. त्याला मी खाणं म्हणून धरलंच नव्हतं.

पण पाच शितांनी आतडं असं ठासत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला यांना जेवायला वाढलं. आमटी, भात, रोहूच्या तळलेल्या तुकड्या. जेवले, हात धुतले. मी म्हटलं, "मी जरा पडते," आणि आतल्या खोलीत जाऊन दार अर्धं उघडं ठेवून बसले.

एक वाजून गेल्यावर हे उठले. स्वयंपाकघरात गेले, वाटीत भात घेऊन आले आणि टेबलाशी बसले. पुढे ताट नव्हतं. तळहातात पाणी घेतलं, जिथे ताट असतं त्या रिकाम्या जागेभोवती फिरवलं, ओठ हलवले, भाताचे पाच ढीग मांडले. शितं नव्हेत, ढीग. ते उचलून टाकीत सोडले. मासे धावले. मग परत येऊन खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवून. वाट बघत बसले. थोड्या वेळाने कंटाळून सोफ्यावर आडवे झाले.

पावणेदोनला परत तेच. अडीचला परत. चौथ्या वेळी त्यांनी हाक मारली.

"अगं, वाढतेस ना? मासे जेवले, मी राहिलो."

मी बाहेर आले. म्हटलं, "तुम्ही जेवलात."

"कधी?"

"साडेबाराला. रोहू खाल्लात. हाताचा वास घ्या."

त्यांनी बोटं नाकाशी नेली. "हो की," म्हणाले. पण साहेब बोलले की मान डोलवायची, तसं ते होतं. त्यांना काहीही आठवलेलं नव्हतं.

मी तोंडाची फटकळ आहे, सगळे सांगतात. मी तिथेच सांगून टाकलं. "मासे तुमच्या हाताने मरताहेत. तुम्ही दिवसातून चार-चार वेळा त्यांना भात घालता आणि विसरता." ते टाकीकडे वळले आणि रडले. आई गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. मला वाटलं, रडू देत, निदान आता लक्षात राहील.

सकाळी उठून म्हणाले, "अगं, दोन कमी कसे दिसतात?"

मी परत सांगितलं. परत तेच तोंड झालं, परत तेच रडणं, जसं काही पहिल्यांदाच ऐकतायत. तिसऱ्या दिवशी परत विचारलं, परत सांगितलं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "म्हातारे झाले होते, मेले." तेवढ्यावर भागलं. मी कठोर असेन, पण एकाच माणसाला तीच सुरी रोज पहिल्यांदा खुपसायची, इतकी नाही.

मुलाला फोन केला, त्याने मोठ्या हॉस्पिटलात वेळ घेतली. त्याला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, मीच यांना टॅक्सीने नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "अंकलजी, आज सुबह क्या खाया?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "वो सेक्शन इनका है."

डॉक्टर हसला. मीही हसले. मग त्याने पुढचे प्रश्न विचारले, महिना कोणता, वर्ष कोणतं, आणि कुणी हसलं नाही. बाहेर येऊन मला एकटीला म्हणाला की हा विसरण्याचा आजार आहे.

"दवाई से रुकेगा?"

"धीमा होगा, माताजी. रुकेगा नहीं."

मला त्याचं बरं वाटलं. फुलवून सांगितलं नाही.

कामवालीचं माझ्या मनात राहिलं होतं. सकाळी बायका गेटवर पास दाखवून आत येतात, तिथे जाऊन मी उभी राहिले. ती आली. मी म्हटलं, "गलती मेरी थी. बाबूजी ही डालते थे."

"मालूम है. मैं रोज देखती थी."

"तो साफ क्यों नहीं बोली?"

"बोला तो था. आप सुनतीं?"

नसतं ऐकलं. मी तिला परत ये म्हटलं. तिने पलीकडच्या टॉवरमध्ये काम धरलं होतं. "वहाँ मछली नहीं है," म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

मासे वाचवायला मी काय करायचं बाकी ठेवलं? भात बंद केला, नुसत्या पोळ्या. हे तळहातात पाणी घेऊन बसून राहिले. भात नाही तर चित्राहुती नाही, चित्राहुती नाही तर घास नाही. पाणी परत पेल्यात ओतलं आणि उठले. दोन दिवस माणूस दुधावर राहिला, तिसऱ्या दिवशी मी भात टाकला. टाकीवर काच ठेवून वर पाटा ठेवला, तो त्यांनी उतरवून खाली ठेवला, अगदी व्यवस्थित. स्वयंपाकघराला कडी लावली तर कडी वाजवत उभे राहिले, आणि दार उघडल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी परत कधी लावली नाही. सगळी दुपार मी टाकीपुढे खुर्ची टाकून बसायचे. पण आंघोळीला जावं लागतं, दार उघडायला जावं लागतं, म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागतो. एप्रिल संपेपर्यंत आणखी दोन गेले. त्यातल्या शेवटच्याचे खवले खरंच अनानासासारखे उभे राहिले होते. दुकानदार फोनवर म्हणाला, आता काही करू नका, त्रास देऊ नका.

दोन उरले.

मग एक सकाळ अशी आली की हे डोक्याने स्वच्छ होते. अशा सकाळी यायच्या, सांगून येत नसत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "किती राहिले?"

"दोन."

"मीच ना?"

मी दोन आठवड्यांत तो विषय काढला नव्हता. खोटं सांगता आलं असतं. पण ते सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते, आणि त्या वेळी विचारणारा माणूस पुरता माझा नवरा होता.

"हो."

ते उठले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, जाळी घेतली. दोन्ही मासे एका झटक्यात धरले, हात तेवढा अजून सराईत होता. पिशवीत पाणी, त्यात मासे, वर रबर. म्हणाले, "दुकानात देऊन येऊ. माझ्या हाताखाली नकोत आता." आम्ही चालत गेलो. पिशवी त्यांनीच धरली होती, मला दिली नाही. दुकानदाराच्या हातात देताना म्हणाले, "चावल मत देना."

"नहीं बाबूजी."

"बिल्कुल नहीं."

 

दुपारी ताट वाढलं. त्यांनी पाणी फिरवलं, पाच शितं मांडली, ती बोटांच्या चिमटीत घेतली आणि टाकीपाशी गेले.

"अगं, मासे कुठे?"

"सकाळी दुकानात दिलेत ना तुम्ही."

"मी? मी माझे मासे देईन?"

"दिलेत. तुमच्याच हाताने."

ते माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांच्या संसारात त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. शितं मुठीत तशीच होती.

त्यानंतर ते सगळं विसरले, पण मासे गेल्याचं विसरले नाहीत. शेजारी आले की सांगायचे, "हिने माझे मासे विकले." औषधं घेऊन येणाऱ्या माणसालाही सांगायचे. बाकी सगळं धुऊन जायचं, एवढंच राहायचं. दोन-चार वेळा मी खरं सांगायला गेले. पण खरं सांगायचं तर ते का दिले हे सांगावं लागतं, आणि का दिले म्हटलं की भात येतो, आणि भात आला की ते परत रडायला लागायचे.

रविवारी मुलगा आला. जेवायला बसलो होतो. हे त्याला म्हणाले, "तुझ्या आईने माझे मासे विकले. मला न विचारता."

मुलाने घास तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "आई, खरंच? अगं, तेवढंच तर होतं बाबांना. निदान मला विचारायचं."

हे आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. उत्तर काय येतं याची वाट बघत. त्यांचा हात ताटाशेजारी होता, पाच शितं मांडून झाली होती, पहिला घास अजून घेतला नव्हता.

मी म्हटलं, "हो. मीच दिले. मला साफसफाई होत नव्हती."

"बघ," हे मुलाला म्हणाले. "मी सांगत नव्हतो?" आणि जेवायला लागले. पोटभर जेवले, भात परत मागून घेतला.

ते त्यानंतर चार वर्षं होते. शेवटपर्यंत त्यांचं मत बदललं नाही. हे गेल्यावर मुलाला मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, तेव्हाच का नाही सांगितलंस. मी म्हटलं, तेव्हा ते जेवत होते.